ब्रेकमधून आवाज येतोय? आधी मोबाईलवर रेकॉर्ड करा, मग गॅरेजला जा

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या छोट्या कारच्या पुढच्या डाव्या चाकातून बारीक 'कुईईई' असा आवाज यायला लागला. महिन्यातून दोनदा मी सातारा-सांगली करतो. हायवेला काचा बंद, एसी चालू, गाणी चालू, त्यामुळे काहीच कळायचं नाही. पण तासवडे टोलनाक्यावर काच खाली केली की आवाज एकदम स्पष्ट. शेजारच्या काँक्रीटच्या कठड्यावर आपटून तो थेट कानात यायचा.

मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. ओळखीच्या गॅरेजवाल्याला व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवली. उत्तर आलं, "काय नाय ओ, धूळ असंल." स्वतःचं समाधान म्हणून मोबाईलचा टॉर्च लावून अलॉय व्हीलच्या फटीतून पॅड बघितला. चांगला अर्धा शिल्लक दिसत होता. विषय संपला!

दोन आठवड्यांनी आई आणि भाचीला घेऊन पाचगणीला गेलो. परत येताना पसरणी घाटात, वाईच्या दिशेने उतरत असताना, 'कुईईई'चं 'खर्रर्रर्र' झालं. पेडलमधून पायाला थरथर जाणवायला लागली. रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली आणि वाईहून मेकॅनिक बोलावला. त्याने चाक काढलं तर बाहेरचा पॅड खरंच अर्धा शिल्लक होता. आतला पॅड मात्र पूर्ण संपलेला. नुसती लोखंडी पट्टी डिस्कवर घासत होती आणि डिस्कला नखाने जाणवतील एवढ्या खाचा पडल्या होत्या.

त्या मेकॅनिक मामांनी एक वाक्य सांगितलं ते डोक्यात बसलं: "आवाज कसा येतो ते मी ऐकतो, तू फक्त कधी येतो ते सांग." हा लेख त्या 'कधी'वर आहे. ते 'कधी' पकडायला मोबाईल फार कामाचा आहे, फक्त नीट वापरला पाहिजे.

माझं नेमकं काय चुकलं?

दोन गोष्टी. पहिली, टॉर्च. डिस्क ब्रेकमध्ये डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो. चाकाच्या फटीतून सहसा बाहेरचाच दिसतो. बहुतेक छोट्या कारमध्ये पिस्टन आतल्या बाजूला असतो आणि कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. या पिना गंजून अडकल्या की कॅलिपर सरकत नाही, सगळं काम आतल्या पॅडवर येतं आणि तो आधी संपतो. म्हणजे बाहेरून सगळं ठीक, आतून कारभार आटोपलेला.

दुसरी चूक, व्हॉइस नोट. फोन कॉल किंवा व्हॉइस नोट माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असते. फाईल लहान व्हावी म्हणून आवाज दाबला जातो आणि बोलण्याच्या पलीकडचे किनरे आवाज त्यात मार खातात. नेमका ब्रेकचा चीत्कार तिथलाच. त्यामुळे साध्या रेकॉर्डर ॲपमध्ये सर्वात चांगली क्वालिटी निवडून रेकॉर्ड करा आणि पाठवताना फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

रेकॉर्ड कसं करायचं

रेकॉर्डिंग शेजारी बसलेल्याने करायचं, चालवणाऱ्याने नाही. गाडी चालवताना फोन हातात धरणं 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं, आणि तसंही ब्रेकवर शंका असताना एक हात मोकळा ठेवणं शहाणपणाचं नाही.

रिकामा रस्ता घ्या, ज्याच्या कडेला भिंत किंवा कंपाउंड आहे. काचा खाली, एसी आणि गाणी बंद. ताशी 20 ते 30 च्या वेगाने जा. शेजारच्याने फोन आत, खिडकीच्या कडेपाशी धरायचा आणि मोठ्याने बोलत राहायचं: "वीस... ब्रेक नाही... आता हलका ब्रेक... सोडला... आता जोरात." हे बोलणंच सर्वात महत्त्वाचं. नुसता आवाज ऐकून मेकॅनिक अंदाज बांधतो, पण आवाज पेडलच्या कुठल्या क्षणी आला हे कळलं की त्याचं अर्धं काम होतं. हीच फेरी उलट्या दिशेने करा, म्हणजे भिंत दुसऱ्या बाजूला येईल आणि आवाज डावीकडचा की उजवीकडचा ते कळेल.

थोडं पुढे जायचं असेल तर फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं. त्यात ऑडिओ स्पेक्ट्रम उघडला की कुठल्या फ्रिक्वेन्सीला आवाज जास्त आहे त्याचा उंचवटा दिसतो. पॅड-डिस्कचा चीत्कार साधारण 1,000 हर्ट्झच्या वर असतो. मजा अशी की गाडी हळू होत गेली तरी तो उंचवटा जवळपास तिथेच राहतो, कारण तो पॅड, डिस्क आणि कॅलिपरच्या थरथरण्याचा आवाज आहे, चाकाच्या फेऱ्यांचा नाही. याउलट बेअरिंग किंवा टायरची घरघर वेग कमी झाला की खाली उतरते. ब्रेक सोडूनही घरघर चालूच आणि वेगाबरोबर चढते-उतरते, तर पॅड बदलून काही उपयोग नाही.

'खस... खस... खस' असा तालात येणारा आवाज असेल तर मोजा. छोट्या कारचं चाक एका फेरीत दोन मीटरच्या जरा आत अंतर कापतं. ताशी 20 ला सेकंदाला साधारण तीन फेऱ्या होतात. सेकंदाला तीन 'खस' आले तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या गोष्टीत आहे: डिस्क वाकडी झालेली, ड्रम गोल न राहिलेला, किंवा डिस्कमागचा पत्रा एका जागी घासतोय.

कुठला आवाज कशाचा

सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला 'खस्स' आणि नंतर गायब? डिस्क बिडाची असते, रात्रभराच्या ओलीने तिच्यावर गंजाचा पातळ थर येतो आणि पॅड तो पुसून काढतात. महाबळेश्वर-कासकडे पावसाळ्यात हे रोजचंच. पाच-सहा ब्रेकनंतरही राहिला तर बघायला लावा.

ब्रेक न दाबताही अचानक पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी किंकाळी? बहुतेक वेळा डिस्क आणि मागच्या पत्र्यात खडा अडकलेला असतो. रस्त्याचं काम चालू असेल तिथली बारीक खडी हे हमखास करते. चार-पाचदा गाडी मागे-पुढे घ्या, कित्येकदा खडा पडून जातो.

मागच्या चाकातून हँडब्रेकच्या वेळी किंवा हळू थांबताना 'चूं चूं' येतं, ते ड्रममधल्या धुळीचं असू शकतं. जत, आटपाडीच्या भागात गाडी फिरत असेल तर ड्रम उघडून साफ केला की बऱ्याचदा थांबतं. माझ्या गॅरेजवाल्याचं "धूळ असंल" अगदीच हवेतलं नव्हतं. फक्त धूळ मागच्या ड्रमची, आणि माझा आवाज पुढून होता. मीच चाक सांगितलं नव्हतं.

दिशा बदलल्यावर, म्हणजे रिव्हर्स घेऊन पुढे निघताना, पहिल्याच ब्रेकला एकदा 'टक्'? पॅडची क्लिप गेलेली किंवा पॅड जागेवर ढिला. प्रत्येक ब्रेकला 'टक' येत असेल तर कॅलिपरच्या पिना आणि सस्पेन्शनचे बुश, दोन्ही तपासायला सांगा.

ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली 'गर्रर्र' आणि पेडल थरथरतं, तो एबीएस. 1 एप्रिल 2019 पासून नव्या कारना तो सक्तीचा आहे. घाबरून पाय काढू नका, दाबून धरा.

आता तो 'कुईईई'. बऱ्याच पॅडना एक पातळ लोखंडी जीभ असते. पॅड दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि ओरडते, मुद्दामच. पण पॅड तापून गुळगुळीत झाले किंवा मागची शिम निसटली तरीही असाच आवाज येतो. कानाने फरक करायला जाऊ नका. चाक काढून दोन्ही पॅड मोजायला लावा आणि समोर उभं राहून फोटो काढा, आतल्याचासुद्धा. नवा पॅड साधारण 10 मिलिमीटरच्या आसपास असतो, तीनच्या खाली गेला की बदला. एकाच बाजूचा जास्त झिजला असेल तर नुसते पॅड टाकून निघू नका, पिना साफ करून ग्रीस लावून घ्या. नाहीतर नवा पॅडही तसाच जातो.

आणि 'खर्रर्र', लोखंडावर लोखंड. इथे रेकॉर्डिंग वगैरे काही नाही. गाडी थांबवायची आणि उचलून न्यायची.

घाटात आवाजाची वाट बघू नका

पाचगणी ते वाई आपण सुमारे 600 मीटर खाली येतो. माणसांसकट 1,200 किलोची गाडी धरली तर एवढं उतरताना जवळपास दोन युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. वीसेक लिटर पाणी उकळेल एवढी. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर त्यातला मोठा वाटा चार ब्रेकच्या माथी. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलं तर बराच भार इंजिन घेतं. पसरणी असो, केळघर असो की कुंभार्ली, न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवायचा नाद तिथे नकोच.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 3 ऑइल नवं असताना 205 अंशांच्या वर उकळतं, पण ओल धरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 140 अंशांवर येते. ते उकळलं की पाइपात वाफ होते, पेडल मऊ होऊन खाली जातं, आणि आवाज शून्य. जळका वास किंवा पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं तर लगेच खालचा गिअर टाका, जागा बघून थांबा, अर्धा तास गाडी थंड होऊ द्या. वरून पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते. ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, मग गाडी कमी चाललेली असो की जास्त.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी

सांगलीकरांसाठी हे वेगळं लिहायला हवं. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं होतं, 2021 मध्ये पुन्हा पूर आला. रस्त्यावरच्या गुडघाभर पाण्यातून गाडी काढली असेल तर हळू चालवत दहा-बारा वेळा हलका ब्रेक दाबला की पॅड वाळतात. चाकं बुडून गाडी दिवसभर उभी असेल तर मात्र तेवढ्याने भागत नाही. गाळ ड्रममध्ये आणि कॅलिपरच्या पिनांत शिरतो, आणि दोष लगेच ओरडत नाही, दोन-तीन महिन्यांनी ओरडतो. चारही चाकं उघडून ड्रम धुणं, पिनांना नवं ग्रीस, नवं ब्रेक ऑइल आणि बेअरिंग तपासणं, हे एकदमच करून घ्या. आणि हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर तो बहुतेक चिकटलेला सापडेल. पहिल्यांदा गाडी हलवताना 'कट्' करून सुटतो. सुटला नाही तर रेस देऊन ओढाताण करू नका.

माझ्या गाडीचं म्हणाल तर दोन नव्या डिस्क, चार नवे पॅड आणि पिनांचं काम झालं. डिस्कचे पैसे पॅडच्या कितीतरी वर गेले, आणि ते फुकटचे होते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर नवे पॅडही जरा घासल्यासारखे वाजले, तेवढे वाजतातच. त्यानंतर दर फेरीला तासवड्याला पोचलो की एसी-गाणी बंद आणि काच खाली. मागच्या सीटवरून भाची विचारते, "मामा, आला का आवाज?"