स्पेस आरपीजी खेळताय? मग आधी यान ठरवा! ‘ट्रॅव्हलर’मधलं ४० वर्षांचं कर्ज आणि योग्य यान निवडण्याचं गणित

पाच मित्र जमलेत. कुणी पायलट झालंय, कुणी इंजिनिअर, कुणी डॉक्टर, तर कुणी सैन्यातून निवृत्त झालेला बंदूकवाला. कागदावर कॅरेक्टर तयार आहेत, फासे तयार आहेत, पुढचे सहा महिने दर रविवारी खेळायचं असंही ठरलंय. आणि मग गेममास्टर विचारतो, “तुमचं यान कोणतं?”

इथे बहुतेक ग्रुप एकच चूक करतात. पुस्तकातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात जास्त तोफा असलेलं यान मागतात. गेममास्टरही खूश होऊन ते देऊन टाकतो. आणि तीन-चार रविवारांतच खेळातली मजा संपते. कारण कसलीच अडचण उरत नाही.

सायन्स फिक्शन रोलप्लेइंग गेममध्ये यान म्हणजे नुसतं वाहन नसतं. ते खेळाडूंचं घर असतं, कमाईचं साधन असतं आणि बऱ्याचदा डोक्यावरचं कर्जही असतं. हे सगळ्यात चांगलं समजतं ते ‘ट्रॅव्हलर’ या गेममधून.

‘ट्रॅव्हलर’ म्हणजे काय?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७७ मध्ये, अमेरिकेतल्या गेम डिझायनर्स वर्कशॉप या कंपनीने मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ बाजारात आणला. एका खोक्यात तीन छोटी काळी पुस्तकं, बस्स. आजही या गेमच्या नव्या आवृत्त्या निघतात.

या गेममध्ये तुम्ही निवडलेले हिरो नसता. कॅरेक्टर बनवतानाच तुम्ही नौदल, सैन्य, व्यापारी जहाज किंवा स्काउट सेवेत नोकरी करता आणि निवृत्त होऊन बाहेर पडता. पहिल्या आवृत्तीत तर फासे वाईट पडले की कॅरेक्टर खेळ सुरू होण्याआधीच मरायचं! निवृत्तीच्या वेळी कुणाला रोख रक्कम मिळते, कुणाला बंदूक, तर एखाद्या नशीबवानाला चक्क यान.

आधी दोन शब्द समजून घ्या: टन आणि जंप

‘ट्रॅव्हलर’मध्ये ‘२०० टनांचं यान’ म्हणतात तेव्हा ते वजन नसतं, जागा असते. एक टन द्रवरूप हायड्रोजनला जेवढी जागा लागते, म्हणजे साधारण १४ घनमीटर, तेवढा हा एक टन.

दुसरा शब्द जंप. एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे जायचं तर यान उडी मारतं. जंप-१ म्हणजे एक पार्सेक, जवळपास सव्वातीन प्रकाशवर्षं. जंप-२ म्हणजे दोन पार्सेक. गंमत म्हणजे अंतर कितीही असो, उडीला सुमारे एक आठवडाच लागतो. त्या आठवड्यात बाहेरच्या जगाशी संपर्क शून्य. रेडिओ नाही, मेसेज नाही. बातमीसुद्धा यानाच्याच वेगाने पोहोचते.

इंधनाचं गणितही सरळ आहे. प्रत्येक पार्सेकसाठी यानाच्या आकाराच्या १० टक्के जागा इंधनाला द्यावी लागते. २०० टनांच्या यानाला जंप-१ साठी २० टन, जंप-२ साठी ४० टन. म्हणजे लांब उडी हवी तर माल ठेवायची जागा कमी. सगळं एकाच यानात मिळत नाही, आणि निवडीतली खरी मजा तिथेच आहे.

फ्री ट्रेडर: हप्त्यावर घेतलेला टेम्पो

‘ट्रॅव्हलर’मधलं सगळ्यात प्रसिद्ध यान म्हणजे फ्री ट्रेडर. २०० टन, जंप-१, दहा खोल्या, झोपवून न्यायच्या प्रवाशांसाठी २० शीतकक्ष आणि ८२ टन मालाची जागा. चालवायला पायलट, इंजिनिअर, डॉक्टर आणि प्रवाशांची सोय बघणारा स्टुअर्ड, असे चार जण लागतात.

पहिल्या आवृत्तीत याची किंमत आहे ३ कोटी ७० लाख ८० हजार क्रेडिट. एवढे पैसे कुणाकडे असणार? मग बँक. २० टक्के आधी भरा आणि उरलेल्यासाठी दरमहा किमतीचा २४० वा भाग, असे ४८० हप्ते. म्हणजे ४० वर्षं! शेवटी मूळ किमतीच्या २२० टक्के रक्कम भरली जाते. होम लोन घेतलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

फ्री ट्रेडरचा महिन्याचा हप्ता येतो १ लाख ५४ हजार ५०० क्रेडिट. आता कमाई बघू:

- मालवाहतूक: टनाला १,००० क्रेडिट, पूर्ण भरल्यास ८२,०००
- सहा वरच्या दर्जाचे प्रवासी: प्रत्येकी १०,०००, म्हणजे ६०,०००
- शीतकक्षातले २० प्रवासी: प्रत्येकी १,०००, म्हणजे २०,०००

एका फेरीचे झाले १ लाख ६२ हजार. एक आठवडा उडीत, एक आठवडा बंदरात असं धरलं तर महिन्याला दोन फेऱ्या, म्हणजे ३ लाख २४ हजार. खर्च किती? हप्ता, चौघांचे मिळून १५,००० पगार, शुद्ध इंधन, खोल्यांमधल्या हवा-पाण्याचा खर्च आणि वार्षिक दुरुस्तीचा वाटा धरून जवळपास २ लाख ४० हजार.

म्हणजे यान खचाखच भरलं तर महिन्याला ऐंशी हजारांच्या आसपास उरतात. पण अर्धंच भरलं तर? कमाई १ लाख ६२ हजार आणि साठ-सत्तर हजारांची तूट!

आणि इथेच गोष्ट सुरू होते. हप्ता थकलाय, बंदरात माल मिळत नाहीये आणि एक अनोळखी माणूस येऊन म्हणतो, “एक पेटी पोहोचवायची आहे. आत काय आहे ते विचारायचं नाही. दुप्पट भाडं.” गेममास्टरला वेगळं कथानक रचावंच लागत नाही. ते काम बँकच करते.

स्काउट: सरकारी जीप

१०० टनांचं छोटं यान. जंप-२, चार खोल्या आणि मालाला जागा फक्त ३ टन. एकटा पायलटही ते चालवू शकतो. स्काउट सेवेतून निवृत्त झालेल्याला हे यान वापरायला मिळतं, पण मालकी सेवेचीच राहते. विकता येत नाही. स्काउट तळांवर इंधन आणि दुरुस्ती फुकट. बदल्यात, सेवेने बोलावलं तर जावं लागतं.

कर्ज नाही म्हणून पोटापाण्याची धडपड कमी. फिरणं, शोध घेणं, गुपितं उलगडणं अशा कॅम्पेनला हे यान उत्तम. अडचण एकच: चारपेक्षा जास्त खेळाडू असतील तर खोल्या वाटून घ्याव्या लागतात. अर्थात भांडणांसाठी ते छानच!

बाकीचे पर्याय

फार ट्रेडर: आकार फ्री ट्रेडरइतकाच, पण जंप-२. माल कमी मावतो, पण एका उडीत न गाठता येणारी जगं गाठता येतात. नकाशावर जगं दूर-दूर विखुरलेली असतील तर फ्री ट्रेडर अडकून पडतो. तिथे हे हवं.

सबसिडाइज्ड मर्चंट: ४०० टन, जंप-१, २०० टन माल. सरकार खरेदीला मदत करतं, पण मार्ग ठरवून देतं आणि कमाईतला अर्धा वाटा घेतं. ठरलेल्या रूटवरची एसटीच म्हणा. त्याच त्याच बंदरांत परत परत जायचं असल्याने तिथली माणसं ओळखीची होतात, मैत्री होते, वैरही होतं.

लॅब शिप: ४०० टनांचं, कड्यासारख्या आकाराचं संशोधन यान. वैज्ञानिक गूढकथांसाठी.

मर्सेनरी क्रूझर: ८०० टन, जंप-३, गोल आकाराचं भाडोत्री सैनिकांचं यान. दिसायला जबरदस्त, पण फ्री ट्रेडरच्या कितीतरी पट महाग आणि माणसंही कितीतरी जास्त लागतात. पाच खेळाडूंना हे दिलं की उरलेले सगळे गेममास्टरलाच सांभाळावे लागतात. युद्धाचंच कॅम्पेन असेल तरच याच्या वाटेला जा.

दुसऱ्या गेममध्ये काय करतात?

प्रत्येक गेम हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवतो.

‘स्कम अँड व्हिलनी’मध्ये ग्रुप सुरुवातीलाच तीनपैकी एक यान निवडतो. स्टारडान्सर घेतलं तर तुम्ही तस्कर, सर्बेरस घेतलं तर इनामासाठी माणसं पकडणारे, फायरड्रेक घेतलं तर बंडखोर. यान निवडलं की कथेचा प्रकारही ठरला.

‘स्टारफाइंडर’ २०१७ मध्ये आला. त्यात यान बांधायला पॉइंट मिळतात आणि पार्टीची लेव्हल वाढली की तेही वाढतात. लढाईत कॅप्टन, पायलट, इंजिनिअर, गनर आणि सायन्स ऑफिसर अशा भूमिका वाटलेल्या असतात.

‘स्टार ट्रेक ॲडव्हेंचर्स’मध्ये यान मोठंच असतं, पण पैशाची चिंता नसते. यान स्टारफ्लीटचं, हुकूमही स्टारफ्लीटचा. शेकडो कर्मचारी असल्याने खेळाडूंना मुख्य कॅरेक्टरशिवाय सहाय्यक कॅरेक्टरही खेळता येतात. म्हणजे मोठं यान चुकीचं नसतं, फक्त त्याला साजेसे नियम लागतात.

यान ठरवण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

खेळ सुरू करण्याआधी एक बैठक फक्त गप्पांसाठी ठेवा. तिथे हे विचारा:

१. आपण काय काम करणार? व्यापार, तस्करी, शोध, युद्ध? कामावरून यान ठरवा, यानावरून काम नको.

२. पैशाचा हिशोब ठेवायला आवडेल का? ग्रुपमधल्या एकालाही आकडेमोड आवडत नसेल तर कर्जाचं यान देऊ नका. ‘दर महिन्याला एक काम मिळवलं की हप्ता भरला’ असा सोपा नियमही चालतो.

३. प्रत्येकाला यानावर काम आहे का? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. पायलट यान उडवतोय, गनर गोळ्या झाडतोय आणि उरलेले तिघे मोबाइल बघतायत, असं झालं की ते तिघे पुढच्या रविवारी येत नाहीत. पाच खेळाडू असतील तर पाच कामं असलेलं यान घ्या.

४. नकाशावर जगं किती दूर आहेत? कथा जिथे घडणार तिथपर्यंत यान पोहोचतं का, ते आधीच मोजा.

५. यान कुणाच्या नावावर? एकाच कॅरेक्टरचं यान असेल तर तो आपोआप मालक आणि बाकीचे नोकर होतात. काही ग्रुपना हे चालतं, काहींमध्ये यावरून खरी भांडणं होतात. सगळ्यांची भागीदारी ठेवणं सोपं.

आधीच चुकीचं यान दिलं असेल तर?

घाबरू नका आणि यान हिसकावूनही घेऊ नका. हातातलं यान काढून घेतलं की खेळाडूंना ती शिक्षा वाटते. त्यापेक्षा त्याला अडचणी जोडा. एखादा भाग निकामी होतो आणि तो एकाच जगात मिळतो. जुना मालक शोधत येतो. किंवा अशुद्ध इंधन भरल्यामुळे उडी चुकते आणि यान भलत्याच ठिकाणी पोहोचतं.

खेळाडू स्वतःच म्हणाले, “हे विकून छोटं घेऊया का?” तर समजा गाडी रुळावर आली. आणि पहिल्यांदा खेळत असाल, काहीच सुचत नसेल, तर फ्री ट्रेडर घ्या. गेल्या जवळपास पन्नास वर्षांत असंख्य ग्रुपनी याच खटारा यानातून सुरुवात केली आहे. पहिला हप्ता भरायची तारीख जवळ आली की पुढे काय करायचं ते तुमचे खेळाडूच सांगतील.