तीन फुटांचा इतिहास

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांत सूरजागडचा डोंगर आहे. तेथील ठाकूरदेवाची यात्रा माडिया लोकांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शहरवासीयांस त्या डोंगराचें नांव ऐकूं आलें तें तेथील लोहखनिजामुळें. त्याच्या पायथ्याशीं एखाद्या आश्रमशाळेंत मुलींकरितां सॉफ्टबॉलचें मैदान आखावयाचें ठरलें, तर चुन्याची फक्की घेऊन उभ्या राहिलेल्या मास्तरांस पहिला प्रश्न पडेल तो हा कीं, चेंडू फेंकणारी आणि तो टोलवणारी या दोघींमध्यें अंतर किती ठेवावें? ४० फूट कीं ४३? तीन फूट म्हणजे मोठ्या माणसाचें एक पाऊल. या पावलामागें मात्र दीडशें वर्षांचा इतिहास आहे.

आपल्या विटीदांडूंत हा प्रश्न उद्भवतच नाहीं. विटी जेथें पडेल तेथून ती गल्लीकडे फेंकावयाची; म्हणजे अंतर ठरवितो तो टोला मारणारा स्वतःच, आणि टोला जितका लांब तितकें प्रतिपक्षाचें काम अवघड. (वकट, लेंड, मूंड हे त्या खेळांतील आंकडे तेलुगूच्या कुळांतले आहेत; गडचिरोलीच्या दक्षिण टोंकास सिरोंच्याकडे ते परके वाटूं नयेत.) इंग्रजांच्या क्रिकेटनें अंतर एकदां ठरविलें आणि त्यास पुन्हां हात लाविला नाहीं. १७४४ सालच्या नियमांत २२ यार्ड आहेत, आजहि तितकेच आहेत. हे २२ यार्ड म्हणजे जमीन मोजण्याची ६६ फुटांची गुंटरची सांखळी. मुंबई इलाख्याच्या मोजणींत तिच्या निम्मी, ३३ फुटांची सांखळी चालत असे, आणि त्या सांखळीचा चौरस म्हणजेच आपला गुंठा. १८६४ सालीं खांद्याच्या वर हात नेऊन गोलंदाजी करण्यास मुभा मिळाली, चेंडूचा वेग वाढला, तरी अंतर इंचभरहि हललें नाहीं. क्रिकेटचा चेंडू बहुधा जमिनीवर टप्पा घेऊन येतो, त्यामुळें गोलंदाजाची निम्मी विद्या टप्प्याच्या जागेंत असते, आणि ती विद्या २२ यार्डांच्या मापानेंच घडलेली आहे.

अमेरिकेच्या बेसबॉलचें तसें नव्हतें. तेथें चेंडू भुईस न लागतां थेट फलंदाजाकडे येतो. फलंदाजाच्या हातीं असतो तो फक्त वेळ. प्रारंभीं फेंकणाऱ्यानें हात खालून आणून चेंडू सोडावा असा दंडक होता आणि अंतर ४५ फूट होतें. हात हळूहळू वर चढूं लागला, चेंडू वळूं लागला, टोले कमी पडूं लागले. तेव्हां १८८१ सालीं अंतर ५० फूट करण्यांत आलें. १८८४ सालीं नॅशनल लीगनें हात वर नेण्यास पूर्ण मोकळीक दिली आणि पुन्हां तोच पेंच पडला. त्या काळीं इंडियाना प्रांतांतील एमॉस रूसी नांवाचा जवान इतक्या जोरानें चेंडू फेंकी कीं, १८९० सालच्या हंगामांत त्यानें ३४१ फलंदाज टोल्यावांचून बाद केले.

शेवटीं १८९३ सालीं फेंकणाऱ्याची जुनी चौकट पुसून टाकण्यांत आली, आणि ६० फूट ६ इंचांवर एक पट्टी बसवून तिला पाय लावूनच चेंडू सोडला पाहिजे असा नियम झाला. ५० वरून एकदम साडेसाठ असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. तें तितकेंसें खरें नव्हे. ५० फूट हें चौकटीच्या पुढच्या रेषेचें माप होतें. मागचा पाय मागच्या रेषेवर, म्हणजे साडेपंचावन्न फुटांवर ठेवावा लागे. तेव्हां खरी वाढ झाली ती पांच फुटांचीच. पण तेवढ्यानें काय झालें पाहा. १८९२ सालीं नॅशनल लीगच्या फलंदाजांस दर हजार संधींत २४५ यशस्वी टोले मिळत होते. १८९३ सालीं ते २८० झाले, आणि १८९४ सालीं ३०९! रूसीचे बळी त्या पहिल्या वर्षीं २०८ वर उतरले. तरीहि लीगमध्यें पहिला क्रमांक त्याचाच राहिला, ही गोष्ट विसरतां कामा नये. अंतर वाढल्यानें चांगला फेंकणारा सामान्य होत नाहीं.

या गोष्टीचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाहीं. १९०८ सालीं तोच आंकडा दर हजारीं २३९ वर आला होता, म्हणजे १८९२ पेक्षांहि खालीं. अंतर तेंच, दरम्यान नियम थोडे बदलले होते, फेंकणारे मात्र पुष्कळ शिकले होते. पुढें १९६८ च्या हंगामांत फलंदाजांची अशीच दैना झाली, तेव्हां अंतरास कोणी हात घातला नाहीं. फेंकणारा ज्या उंचवट्यावर उभा राहतो तो १५ इंचांवरून १० इंचांवर आणण्यांत आला.

आतां मुलींच्या खेळाकडे वळूं. सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ सालीं शिकागोच्या एका नौका-क्लबाच्या दिवाणखान्यांत झाला. मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीनें बांधून चेंडू केला आणि दांडू म्हणून झाडूचा दांडा घेतला. जॉर्ज हॅनकॉक यानें त्याचे नियम लिहिले. सॉफ्टबॉल हें नांव १९२६ सालचें. भारतांत हा खेळ जोधपूरमार्गें आला. १९६१ सालीं दशरथमल मेहता यांनीं तेथें त्याच्या संघटनेचा पाया घातला. महाराष्ट्राच्या शालेय क्रीडास्पर्धांतहि आज त्यास स्थान आहे. नांव मऊ चेंडूचें असलें तरी चेंडू मऊ नाहीं, आणि खालूनच फेंकावयाचा असला तरी पवनचक्कीप्रमाणें हात फिरवून सोडलेला तो चेंडू बेताच्या वेगाचा नसतो.

येथें थोडें गणित मांडूं. ताशीं ६० मैलांच्या वेगानें चेंडू सेकंदास ८८ फूट जातो. ४० फुटांस त्याला ०.४५ सेकंद लागतात. बेसबॉलचा ताशीं ९० मैलांचा चेंडू साडेसाठ फूट ओलांडतो तोहि जवळजवळ ०.४६ सेकंदांत. म्हणजे १५-१६ वर्षांच्या शाळकरी मुलीस नामांकित धंदेवाईक खेळाडूइतक्याच थोड्या वेळांत पाहावयाचें, ठरवावयाचें आणि फळी फिरवावयाची. त्यांतून फेंकणारी पाऊल पुढें टाकून चेंडू सोडते, त्यामुळें खरें अंतर आणखी कमी. ४३ फूट केले कीं वेळ ०.४९ सेकंद होतो. वाढ सेकंदाच्या तिसाव्या हिश्शाएवढीच; परंतु फलंदाजाच्या दृष्टीनें तोच चेंडू ताशीं चार मैलांनीं मंदावल्यासारखा होतो.

अमेरिकेंतील महाविद्यालयांनीं हे ४३ फूट आधींच स्वीकारले होते. माध्यमिक शाळांच्या राष्ट्रीय संघटनेनें मुलींकरितां ते २०१०-११ च्या शालेय वर्षापासून लागू केले. आज आंतरराष्ट्रीय स्त्रियांच्या सामन्यांतहि तेंच माप, १३.११ मीटर, आहे; पुरुषांचें ४६ फूट. या बदलामागील विचार योग्यच म्हटला पाहिजे. एकटी फेंकणारी मुलगी बळीमागून बळी घेत राहिली, तर बाकीच्या आठजणी मैदानांत नुसत्या उभ्या. चेंडू फळीस लागूं लागला म्हणजे त्यांच्याहि पायांस काम मिळतें. सरळ येणारा टोला सर्वांत जवळून सोसावा लागतो तो फेंकणारीलाच; तिलाहि सावरावयास क्षणभर अधिक मिळतो.

परंतु अंतर हें दुधारी असतें. चेंडूस वळण्यास वेळ जितका अधिक तितका त्याचा वांक मोठा, आणि तो वेळेच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ४० चे ४३ झाले कीं वांक सुमारें सोळा टक्क्यांनीं वाढतो. म्हणून केवळ जोरावर विसंबणारीचें नुकसान होतें आणि चेंडू वळवणारीचें फावतें. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत पाळवणकर बाळू यांनीं शंभरांहून अधिक बळी मिळविले ते वेगानें नव्हे, संथ डावखुऱ्या फिरकीनें; चेंडू उशिरा पोंचविणें हेंहि अस्त्रच आहे.

उलट, ज्यांच्या दंडांत अजून बळ आलेलें नाहीं अशा मुलींस ४३ फुटांवर उभें केलें तर चेंडू फळीपर्यंत नीट पोंचतच नाहीं, फलंदाज न खेळतां चालत पहिल्या तळावर जाते, आणि खेळाचा सारा रंग उडतो. म्हणूनच अमेरिकेंत दहा वर्षांखालील मुलींस ३५ फूट, बारांखालील मुलींस ४० फूट आणि चौदांखालील गटापासून पुढें ४३ फूट अशी पायरी ठेवलेली आहे. आश्रमशाळेंत पहिलीपासून दहावीपर्यंतच्या मुली एकाच अंगणांत खेळतात. तेथें एकच पट्टी कायमची रोवून टाकणें हा धाकट्या मुलींवर अन्याय होईल. तीन खुणा कराव्या आणि वयाप्रमाणें पट्टी सरकवावी.

मोजतांना मात्र फीत धरावयाची ती घरच्या पंचकोनी पाटीच्या मागच्या टोंकापासून फेंकणारीच्या पट्टीच्या पुढच्या कडेपर्यंत. ती पाटी १७ इंच खोल असते. चुकून तिच्या पुढच्या कडेपासून फीत धरली, तर ज्या तीन फुटांकरितां एवढा खटाटोप, त्यांच्या जवळजवळ निम्म्याइतकें अंतर नकळत वाढून बसतें.