कुंडीतला हिवाळा

मुलीकडे बोस्टनला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. तिच्या घरामागच्या ओट्यावर एका पसरट कुंडीत वीतभर उंचीचं जुनिपर होतं. नोव्हेंबर लागला, पारा शून्याकडे उतरू लागला आणि मला राहवेना. एवढ्या गारठ्यात ते बिचारं बाहेर कशाला, म्हणून एक दिवस ती कामावर गेली असताना मी ते उचललं आणि दिवाणखान्यात हीटरजवळच्या खिडकीत ठेवलं. ‘‘बाबा, त्याला बाहेरच राहू द्या,’’ मुलगी संध्याकाळी म्हणाली. ‘‘तुला आम्ही कधी थंडीत बाहेर ठेवलं होतं का?’’ मी विचारलं. ती गप्प बसली. जानेवारीभर झाड हिरवंगार होतं. फेब्रुवारीत हात लावला, तर पानं कुरकुरीत. तिच्या ओळखीच्या एका माळ्यानं फांदी नखानं खरवडून पाहिली आणि हे जाऊन बरेच आठवडे झाले असं सांगितलं. जुनिपरचं असंच असतं म्हणे. मेल्यानंतरही ते बरेच दिवस हिरवं दिसत राहतं.

माझ्या अज्ञानाला थोडं कारण होतं. आपल्याकडचं बोन्साय म्हणजे बहुधा वड, पिंपळ किंवा उंबर. वाड्याच्या भिंतीतल्या फटीत वर्षानुवर्षं खुरटून राहिलेला पिंपळ आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. ही उष्ण प्रदेशातली झाडं. त्यांना पुण्याच्या थंडीचं काही वाटत नाही. जपायचं ते मे महिन्याच्या उन्हात आणि पावसाळ्यात कुंडीत पाणी साचलं तर. जुनिपर, पाइन, मेपल ही मंडळी बर्फाच्या मुलखातली. दिवस लहान होऊ लागले की त्यांची वाढ थांबते, पेशींमध्ये साखर साठते आणि झाड झोपी जातं. ऊबदार खोलीत ही झोप लागतच नाही. त्यात हीटरची कोरडी हवा.

पश्चात्ताप म्हणा किंवा कुतूहल म्हणा, मार्च महिन्यात मी मुलीला घेऊन तिथल्या अर्नोल्ड आर्बोरेटममध्ये गेलो. हार्वर्ड विद्यापीठाची ही वृक्षबाग १८७२ साली स्थापन झाली. तिथला बोन्सायचा संग्रह नावाजलेला आहे. पण बोन्सायच्या मंडपापाशी गेलो, तर आत एकही झाड नाही! नोव्हेंबरच्या सुरुवातीला झाडं आत जातात, ती एप्रिलच्या मध्याला बाहेर येतात, असं कळलं.

ही झाडं आणली लार्झ अँडरसन नावाच्या गृहस्थानं. तो अमेरिकेचा जपानमधला राजदूत होता, पण अगदी थोडे महिने. १९१३ साली मायदेशी परतताना त्यानं योकोहामाच्या एका प्रसिद्ध रोपवाटिकेतून चाळीसएक झाडं घेतली आणि बोस्टनजवळच्या आपल्या बंगल्यावर आणली. १९३७ साली तो वारला. त्याच वर्षी त्याच्या पत्नीनं, इझाबेलनं, त्यांतली तीस झाडं या बागेला दिली. उरलेली पुढे आली. त्यांतला सर्वांत जुना हिनोकी सायप्रस १७३७ पासून वाढवला गेला आहे, असं मानतात. पहिला बाजीराव दिल्लीवर धडकला, ते हेच वर्ष. म्हणजे त्या झाडानं दीडशेहून अधिक हिवाळे जपानात काढले आणि शंभराहून अधिक बोस्टनमध्ये. त्यांतल्या प्रत्येक हिवाळ्यात कुणी ना कुणी ते वेळेवर हलवलं असणार. एका साली जरी विसरलं असतं, तरी कथा तिथंच संपली असती.

आता ती ठेवतात कुठे? काँक्रीटच्या विटांच्या एका साध्या इमारतीत, आणि तिथलं तापमान शून्याच्या जेमतेम वर, एक-दोन अंशांवर राखलेलं असतं. ऊब द्यायची नाही, फक्त गोठू द्यायचं नाही. यातली मेख मुळांत आहे. थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं आणि अंगणातल्या बादलीतलं बोचतं, हे आपल्याकडे खेड्यात वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. जमिनीतल्या झाडाची मुळं त्या विहिरीच्या पाण्यासारखी असतात, कुंडीतल्या झाडाची बादलीतल्यासारखी. फांद्या जेवढी थंडी सोसतात तेवढी मुळं सोसत नाहीत, आणि कुंडी तर चारी बाजूंनी गारठते. शिवाय माती गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही; वारा आणि ऊन मात्र सदाहरित पानांतला ओलावा काढून नेतच राहतात. झाड बर्फात उभं राहून तहानेनं मरतं.

म्हणून तयारी उन्हाळा सरतानाच सुरू होते. नत्रयुक्त खत थांबवायचं, छाटणी आवरायची, म्हणजे कोवळी फूट थंडीत सापडत नाही. घरगुती हौशी लोक कुंडी जमिनीत पुरून वर पालापाचोळा पसरतात, नाहीतर हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये नेतात. अधूनमधून पाणी द्यायचं. उंदरांवर लक्ष ठेवायचं, ते साल कुरतडतात. गंमत म्हणजे वर पडलेला भुसभुशीत बर्फ काढायची घाई करायची नसते; तो गोधडीसारखा उपयोगी पडतो. जपानी माळी झाडांच्या अशा हिवाळी आसऱ्याला ‘मुरो’ म्हणतात.

जपानच्या नो रंगभूमीवर ‘हाची नो की’ म्हणजे ‘कुंडीतली झाडं’ या नावाचं एक जुनं नाटक आहे. दरिद्री झालेला एक सामुराई. एका हिमवादळी रात्री त्याच्या दारी एक भिक्षू येतो. घरात सरपण नाही. चांगल्या दिवसांतली बरीच झाडं देऊन झाल्यावर त्यानं जपलेली तीनच उरलेली असतात: प्लम, चेरी आणि पाइन. ती तोडून तो पाहुण्यासाठी शेकोटी पेटवतो. भिक्षू असतो वेषांतर केलेला होजो तोकियोरी, तेराव्या शतकातला बडा सत्ताधीश. तो पुढे सामुराईला तीन गावं देतो आणि त्या गावांच्या नावांत हीच तीन झाडं असतात. त्यानं माणसाला ऊब दिली आणि झाडं गेली. मी झाडालाच ऊब देऊन ते घालवलं. मला अर्थातच कुणी गाव दिलं नाही.

असंच एक पाइन वॉशिंग्टनला आहे, १६२५ पासून कुंडीत वाढलेलं. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला पाच वर्षं होती. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचं हे झाड ६ ऑगस्ट १९४५ रोजी स्फोटापासून साधारण तीन किलोमीटरवर होतं. भिंतीच्या आडोशानं ते वाचलं. १९७६ साली मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिलं आणि बॉम्बबद्दल चकार शब्द काढला नाही. २००१ साली त्यांचे नातू ते बघायला आले, तेव्हा तिथल्या लोकांना ही हकिकत कळली. अणुबॉम्बमधून वाचलेल्या या झाडालाही दर नोव्हेंबरात कुणीतरी जपावंच लागतं.

मुलीनं दुसरं जुनिपर आणलंय. ते गॅरेजमध्ये, सायकलींच्या मागे असतं. हिवाळ्यात फोन केला की माझा पहिला प्रश्न, पाणी घातलंस का? मग नातू फोन हिसकावून घेतो आणि ओरडतो, ‘‘आजोबा, मी पण बरा आहे!’’