पेढीवाला अर्थमंत्री नेकर

सरकारी जमाखर्च छापून लोकांच्या हातीं देणें हा आज वार्षिक शिरस्ताच होऊन बसला आहे. अठराव्या शतकांतील फ्रान्समध्यें मात्र राजाची तिजोरी त्याच्या अंतःपुराइतकीच पडद्याआड असे. तो पडदा एका पेढीवाल्यानें वर केला. निदान अर्धा तरी.

झाक नेकर १७३२ सालीं जिनीव्हा येथें जन्मला. तरुणपणींच तो पॅरिसमधील एका पेढीवर कारकून झाला व पुढें स्वकर्तृत्वानें तिचा भागीदार बनला. १७७७ सालीं सोळाव्या लुईनें त्याच्याकडे सारें अर्थखातें सोंपविलें. परंतु नेकर पडला प्रॉटेस्टंट, म्हणून राजमंडळांत त्याला आसन नाहीं! वेतन त्यानें आपण होऊनच नाकारलें.

लवकरच अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत फ्रान्स इंग्रजांविरुद्ध उतरला. (आदल्याच वर्षीं सें लुबें हा फ्रेंच गृहस्थ पुण्यास नाना फडणिसांकडे येऊन दाखल झाला होता, हें आपणांस स्मरत असेल.) युद्धाच्या खर्चासाठीं नेकरनें कर वाढविण्याऐवजीं कर्ज काढलें, तेंही पन्नास कोटी लीव्रांच्या वर. त्यांतील पुष्कळसें तहाहयात वर्षासनांवर होतें. ज्याचें नांव लावावें तो जिवंत असेतों वर्षासन चालावयाचें, आणि दर मात्र बालकाला व वृद्धाला एकच! जिनीव्हाच्या सावकारांनीं देवी येऊन गेलेल्या, धडधाकट लहान मुली निवडून त्यांच्या नांवें रकमा गुंतविल्या. हें नेकरला दिसलें नसेल असें मला वाटत नाहीं. त्याला पैसा तत्काळ हवा होता, आणि पत टिकली तर पैसा मिळतो हें त्याचें पेढीवरचें ज्ञान होतें.

त्याच पतीसाठीं फेब्रुवारी १७८१ मध्यें त्यानें राज्याचा हिशेब छापून प्रसिद्ध केला. प्रती हातोहात खपल्या. हिशेबांत एक कोट लीव्रांची शिल्लक दिसत होती. मात्र ती नेहमींच्या जमाखर्चाची. युद्धाचा असाधारण खर्च त्यांत धरलाच नव्हता! आंकडे खोटे म्हणवत नाहींत, पण जें वगळलें तेंच मोठें होतें. मे महिन्यांत, राजमंडळांतील आसनाची मागणी फेटाळली गेल्यावर, त्यानें अधिकार सोडला.

याचें फळ पुढच्यांना भोगावें लागलें. १७८७ सालीं कालोन या मंत्र्यानें दहा कोटींवर तूट असल्याचें सांगून सरदारांवरही कर बसवूं म्हटलें, तेव्हां नेकरची शिल्लक गेली कोठें असा उलट सवाल आला. कालोन पडला, सुधारणाही बारगळली. तिजोरी रिकामी होतांच ऑगस्ट १७८८ मध्यें नेकरलाच परत बोलवावें लागलें.

शाळेंत आपण बॅस्टिलचा पाडाव पाठ करतों, पण त्याचें निमित्त विसरतों. ११ जुलै १७८९ रोजीं राजानें नेकरला काढून टाकलें. दुसऱ्या दिवशीं पॅरिसकरांनीं त्याच्या मेणाच्या पुतळ्याची मिरवणूक काढली, आणि चौदा तारखेस बॅस्टिल पडलें. राजानें त्याला पुन्हां बोलाविलें, परंतु आतां लोकांना हिशेबनीस नको होता. सप्टेंबर १७९० मध्यें तो निमूटपणें जिनीव्हाजवळ कोपे येथें निघून गेला व १८०४ सालीं वारला.

जातांना स्वतःचे वीस लक्ष लीव्र त्यानें फ्रान्सच्या खजिन्यांतच ठेवले होते. ते त्याची कन्या मादाम द स्ताल हिला नेपोलियनच्या पाडावानंतर परत मिळाले.