पारशी समाजातील समाजवादी राजकारण

इराणमधून आलेल्या स्थलांतरितांचे वंशज असलेल्या पारशी समाजाने स्वतःचा समाजवादी पक्ष कधी काढला नाही. पारशी व्यक्तींनी मात्र इतरांच्या पक्षांत काम केले. दादाभाई नौरोजी यांनी 1904 मध्ये अॅम्स्टरडॅमच्या, तर मादाम भिकाईजी कामा यांनी 1907 मध्ये श्टुटगार्टच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत भारताची बाजू मांडली.

या परंपरेतील सर्वांत ठळक व्यक्ती शापुरजी सकलातवाला (1874–1936) होत. मुंबईत जन्मलेले आणि जमशेटजी टाटांचे भाचे असलेले सकलातवाला इंग्लंडमध्ये इंडिपेंडंट लेबर पार्टीत व पुढे साम्यवादी पक्षात गेले, आणि लंडनच्या नॉर्थ बॅटरसी मतदारसंघातून 1922 व 1924 मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आले. 1927 च्या भारतभेटीत कामगार संघटना व चरखा या प्रश्नांवर त्यांनी गांधीजींशी जाहीर पत्रव्यवहार केला, ज्याचे मोल आजही कमी झालेले नाही.

भारतात पारशी समाजातीलच मिनू मसानी यांनी नाशिक तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन आदींसोबत केलेल्या चर्चांतून 1934 मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष, म्हणजे काँग्रेसअंतर्गत समाजवाद्यांची संघटना, साकारला. साम्यवाद्यांच्या शिरकावाला विरोध करून मसानी 1939 मध्ये बाहेर पडले आणि 1959 मध्ये मुक्त अर्थव्यवस्थेच्या पुरस्कर्त्या स्वतंत्र पक्षाच्या संस्थापकांत सामील झाले.