शहर कोणी निवडले?

परदेशी शिक्षणाची गोष्ट निघाली म्हणजे आजकाल पहिला प्रश्न शहराचा येतो. दिल्लीतील आमच्या सरकारी वसाहतीत ज्यांची मुले पदवीच्या उंबरठ्यावर उभी आहेत, अशा घरी संध्याकाळी चहाबरोबर बर्लिन, मेलबर्न, टोरांटो ही नावे घोळत असतात. विद्यापीठांच्या क्रमवाऱ्या पाहिल्या जातात, बँकेच्या कर्जाचा हिशेब मांडला जातो, थंडी किती आणि भाडे किती याची चौकशी होते. या चर्चा ऐकताना एक ऐतिहासिक कुतूहल मनात उभे राहते. ज्या मराठी माणसांनी ही वाट प्रथम मळली, त्यांनी आपले शहर कसे निवडले? किंबहुना, ते त्यांनी निवडले तरी काय?

आनंदीबाई जोशी यांची कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी या दृष्टीने ती पुन्हा पाहण्यासारखी आहे. तिचा आरंभ एका बदलीच्या नोकरीत आहे, आणि तो भाग आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. गोपाळराव जोशी टपाल खात्यात होते. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर अशी त्यांची भ्रमंती झाली. पत्नीला शिकवावयाचे हा त्यांचा ध्यास. आणि चौदाव्या वर्षी पहिले मूल दहा दिवसांत गमावल्यावर वैद्यक शिकावे हा आनंदीबाईंचा स्वतःचा निश्चय. १८७८ साली कोल्हापूरहून गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले होते. पत्नीच्या शिक्षणाची आणि स्वतःच्या नोकरीची काही सोय अमेरिकेत होईल काय, अशी विचारणा त्यात होती. धर्मांतर करावे, अशा आशयाचे उत्तर आले. प्रकरण तेथेच संपावयाचे. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापला गेला, आणि १८८० साली न्यूजर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दंतवैद्याच्या दारी आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता त्यांच्या हाती तो अंक पडला. त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले. पुढे मावशी आणि भाची असे नाते जडले, आणि दोघींची गाठ पडण्यापूर्वीच ते पक्के झाले.

आनंदीबाईंच्या अमेरिकेची निवड ही अशी झाली. पण केवळ योगायोग म्हणून ती बाजूला सारता येणार नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जे इंग्रजी भाषण केले, त्यात स्वतःलाच सहा प्रश्न घालून उत्तरे दिली होती. मी अमेरिकेला का जाते? हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय? एकटीच का जाते? परत आल्यावर जातीबाहेर पडणार नाही काय? आपल्याकडे काय उपलब्ध आहे आणि ते अपुरे का आहे, याचा पाढा त्यांनी वाचला: स्त्रियांना घेणारे कॉलेज मद्रासला आहे, सुइणीचे वर्ग इलाख्याइलाख्यांतून आहेत, पण त्यांचे शिक्षण तोकडे. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही त्यांनी तेथेच सांगून टाकले. सतरा वर्षांची मुलगी परक्या प्रांतात, परक्या भाषेत, आपल्या निर्णयाचा जाहीर जबाब देते! (याच श्रीरामपुरात १८०५ साली विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापले गेले होते. महाराष्ट्राबाहेर मराठीच्या पाऊलखुणा शोधणाऱ्यांनी हे गाव विसरू नये.)

फिलाडेल्फियाच्या बाजूने खरे कारण होते. १८५० साली स्थापन झालेले स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय तेथे होते, रेचेल बॉडली या त्याच्या प्रमुख होत्या, आणि त्यांनी आनंदीबाईंना प्रवेशाबरोबर शिष्यवृत्तीही दिली. कार्पेंटर मावशींचे रोझेल त्याच टापूत. पण शहराचा विचार करताना हवेचा विचार कोणी केला होता काय? ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघण्यापूर्वीच बाईंची प्रकृती ताप आणि डोकेदुखी यांनी पोखरलेली होती. त्यात तिकडील हिवाळा, शाकाहाराचे हाल आणि लुगडे न सोडण्याचा निर्धार यांची भर पडली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. पदवी मिळाली, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मधे वर्षदेखील पुरते गेले नाही, आणि कोल्हापूरच्या दवाखान्यातील नेमणुकीवर रुजू होण्याचे राहूनच गेले. विद्यापीठ अचूक निवडले गेले आणि देहाला मात्र ते मानवले नाही. असे झाले तर निवड बरोबर म्हणावी की चूक, याचे उत्तर मला देता येत नाही.

यानंतर सहा वर्षांच्या आत, १८८९ साली, रखमाबाई लंडनला गेल्या. तेथील स्त्रियांची वैद्यकीय शाळा १८७४ पासून चालू होती, आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलातील एडिथ पीची यांचे पाठबळ त्यांना होते. येथेही ओळखीच्या माणसानेच शहर दाखविले.

रँग्लर परांजप्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या बाबतीत विषयानेच विद्यापीठ ठरविले. गणितात नाव काढावयाचे तर त्या काळी केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेवाचून गत्यंतर नव्हते. कारण तेथे गुणवत्तेचा क्रम जाहीर होई आणि साऱ्या साम्राज्यात त्याचा बोलबाला होई. मुर्डीसारख्या कोकणातील खेड्यात जन्मलेले, मामेभाऊ धोंडो केशव कर्वे यांच्या छायेत वाढलेले आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेले परांजपे १८९६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर ठरले. हा क्रम लावण्याची पद्धत १९०९ नंतर बंद पडली. आपल्याकडे मात्र 'रँग्लर' हा शब्द नावाचाच भाग होऊन राहिला. वरच्या श्रेणीच्या सरकारी नोकरीची ओढ असलेल्यांना तर लंडनच गाठावे लागे, कारण सनदी परीक्षा १९२२ पर्यंत फक्त तेथेच होई. त्यांनी शहर निवडले असे म्हणणे म्हणजे कारकुनाने आपली बदली निवडली असे म्हणण्यासारखे आहे.

शिष्यवृत्ती कोणाची, यावर माणूस कोठे जाणार हे ठरे. आणि परत येऊन काय करणार हेही. श्यामजी कृष्णवर्म्यांची शिवाजी शिष्यवृत्ती घेऊन सावरकर १९०६ साली लंडनला गेले, ती सरकारी नोकरी न करण्याच्या अटीवर. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची अट नेमकी उलट होती. १९१३ साली भीमराव आंबेडकरांनी करार केला तो असा की, दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षे मिळावेत, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावी. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ त्यांच्या वाट्याला आले ते सयाजीरावांच्या या योजनेतून. पण एकदा तेथे पाऊल ठेवल्यावर त्या निवडीला त्यांनी जो अर्थ दिला, तो सर्वस्वी त्यांचा स्वतःचा. अर्थशास्त्रात सेलिग्मन आणि तत्त्वज्ञानात ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. माझ्या मते बाबासाहेबांच्या पुढच्या लेखनात न्यूयॉर्कचा वाटा लंडनपेक्षा मोठा आहे. ड्यूईचे ऋण त्यांनी उघडपणे मान्यही केले.

दुसरे शहर त्यांनी स्वतः निवडले, आणि त्याची किंमतही स्वतः मोजली. १९१६ साली ते लंडनला आले, ग्रेज इनमध्ये आणि अर्थशास्त्राच्या प्रसिद्ध संस्थेत नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन प्रबंध पुरा करण्याची मुभा विद्यापीठाने दिली होती. बडोद्याच्या नोकरीत जे अपमान सोसावे लागले, राहावयास जागासुद्धा मिळेना, ते सर्वश्रुत आहे. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून साठविलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि न्यूयॉर्कच्या दिवसांतले मित्र नवल भथेना यांच्याकडील कर्ज, अशी गाठोडी बांधून ते १९२० साली, मुदत उलटण्यापूर्वी, पुन्हा लंडनला पोचले. १९२२ साली बॅरिस्टर झाले, त्याच वर्षी बॉनच्या विद्यापीठातही जाऊन आले, १९२३ साली डी. एस्सी. झाले. ज्या घरात ते राहत होते, ते १० किंग हेन्रीज रोडवरील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले.

शेवटचे उदाहरण एका घरातील दोन मुलींचे. रँग्लर परांजप्यांच्या पुण्याच्या घरी त्यांची कन्या शकुंतला आणि ब्रह्मदेशातून शिक्षणासाठी आलेली इरावती करमरकर एकत्र वाढल्या. शकुंतलाबाई वडिलांच्याच वाटेने केंब्रिजला, गणिताच्याच परीक्षेला गेल्या. इरावती मात्र १९२८ साली बर्लिनला गेल्या. एव्हाना त्या कर्व्यांच्या सून झाल्या होत्या. पती दिनकरराव जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले, त्यामुळे ती भाषा आणि ती विद्यापीठे घरच्या ओळखीची. आणि मानवशास्त्रात तेव्हा जर्मनांचा दबदबा होता. ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचले, त्या अण्णासाहेब कर्व्यांचा या जाण्याला विरोध होता, ही गोष्ट आज वाचताना चमत्कारिक वाटते. जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन प्रवास झाला.

बर्लिनची निवड विद्येच्या दृष्टीने उत्तम होती, आणि तीतच धोका दडला होता. डालेम भागातील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्था १९२७ सालीच उघडली होती. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे. मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजूंतील विषमता हा विषय त्यांनी या मराठी विद्यार्थिनीला दिला, आणि तिच्यातून वंशभेद दिसून यावा अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आणि मापांतून तसे काही निघत नाही, असे प्रबंधात लिहिले. गुरूच्या देशात, गुरूच्या भाषेत, गुरूच्या मताविरुद्ध! पदवी मिळवून त्या १९३० साली परतल्या. तीन वर्षांनी हिटलर सत्तेवर आला, आणि १९४० नंतरच्या काळात आउश्वित्झच्या छळछावणीतील बळींचे अवशेष याच संस्थेत तपासणीसाठी येऊ लागले. संस्थेची इमारत अजून उभी आहे. १९८८ साली तिच्या भिंतीवर या इतिहासाची आठवण देणारा फलक लावला गेला. ती आता बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीकडे असून तेथे राज्यशास्त्राचा विभाग आहे. आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी ना कोणी त्या दारातून आत जात असेलच.