विहार, तुळशी आणि पवई

मोठ्या शहरांत राहणाऱ्या मनुष्यास तळ्याची ओढ कां वाटते, ह्याचें उत्तर देणें फारसें कठीण नाहीं. चार भिंती, धूर आणि कोलाहल ह्यांच्या पलीकडे मोकळें पाणी, काठची गर्द झाडी आणि पाण्यावर उतरणारीं पाखरें दृष्टीस पडलीं, कीं मनाचा शीण आपोआप हलका होतो. परंतु मुंबईकर ज्या तळ्यांकडे सुटीच्या दिवशीं मोठ्या हौसेनें पाहात आला, त्यांतील एकही निसर्गानें निर्माण केलेलें नाहीं. विहार, तुळशी आणि पवई हे तिन्ही जलाशय मनुष्याच्या हातचे आहेत, आणि ते बांधले गेले ते सहलीसाठीं नव्हेत, तर तहानेसाठीं. तहान आणि विसावा ह्या दोन गरजांचा ह्या तलावांच्या काठीं दीडशेंहून अधिक वर्षें जो संसार चालला आहे, तो कधीं गोडीगुलाबीचा, तर कधीं भांडणाचा झालेला आहे.

साष्टीच्या ह्या डोंगरांत पाणी सांठविण्याची विद्या इंग्रजांनीं आणली, असें मात्र समजण्याचें कारण नाहीं. तुळशी तलावापासून फार दूर नसलेल्या कान्हेरीच्या टेंकडीवर शंभराहून अधिक लेणीं आहेत, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून पुढें जवळजवळ हजार वर्षें तेथें बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. पावसाळ्याचे चार महिने डोंगरावरून धोधो पाणी वाहावें आणि पुढचे आठ महिने थेंबाची वाण पडावी, अशी तेथील स्थिति. ह्यावर त्या लोकांनीं उपाय योजिला तो असा, कीं कातळाच्या माथ्यावर बारीक पन्हळी खोदून पावसाचें पाणी लेण्यांलगतच्या टांक्यांत उतरविलें. ह्या टांक्यांस तेथील शिलालेखांत ‘पोढी’ असें नांव आहे, आणि लेण्याच्या दानाबरोबर पोढीच्या दानाचाही उल्लेख दात्यांनीं अभिमानानें कोरून ठेविला आहे. एकांत आणि पाणी हीं दोन्ही एकाच डोंगरांत शोधणारे पहिले लोक हेच होत.

इकडे मुंबई बेटाची तहान विहिरी व तळीं ह्यांवरच भागत असे. गोवालिया तलाव, कावसजी पटेल तलाव, धोबी तलाव हीं नांवें आजही लोकांच्या तोंडीं आहेत. तीं तळीं मात्र केव्हांच बुजून गेलीं. ज्या गोवालिया टँकच्या मैदानावर १९४२ च्या ऑगस्ट महिन्यांत ‘चले जाव’ची घोषणा झाली, तेथें नांवाखेरीज तळ्याची कोणतीही खूण त्या वेळीं राहिली नव्हती. अनेक तळीं दानशूर व्यापाऱ्यांनीं बांधलीं. परंतु दानानें एका आळीची तहान भागते, वाढत्या बंदराची भागत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोकसंख्या इतकी वाढली, कीं उन्हाळा आला म्हणजे विहिरी खरवडून गढूळ पाणी काढण्याची पाळी येई, आणि त्या पाण्यांतून रोगराई घरोघर शिरे.

अशा परिस्थितींत मिठी नदीच्या उगमाकडील खोऱ्यांत बांध घालून पाणी नळांनीं शहरांत आणावें, ही योजना पुढें आली. तिचा आराखडा हेन्री कॉनिबेअर ह्या अभियंत्यानें तयार केला. कुलाब्याच्या अफगाण चर्चची रचना ज्यानें केली, तोच हा गृहस्थ. १८५६ सालीं कामास आरंभ झाला आणि १८६० सालीं विहार तलाव पुरा झाला. मधल्या काळांत उत्तर हिंदुस्थान १८५७ च्या युद्धानें पेटलें होतें, आणि इकडे साष्टीच्या रानांत मजूर मातीच्या पाट्या वाहात होते. त्यांच्या श्रमांतून उभा राहिलेला हा तलाव भरला म्हणजे सुमारें सात चौरस किलोमीटर पसरतो. घरच्या वापराचें पाणी दूरच्या डोंगरांतून नळानें यावें, ही गोष्ट त्या काळच्या मुंबईकरांस नवलाची वाटली असल्यास आश्चर्य नाहीं.

पण नवल ओसरलें आणि तहान पुन्हां वाढली. १८७९ सालीं विहारच्या वरच्या अंगास तुळशी तलाव बांधण्यांत आला. तो लहान, परंतु उंचावर आहे. तुळशी भरून वाहूं लागला, कीं त्याचें पाणी विहारांत उतरतें, आणि विहार भरला, कीं तें मिठी नदीला मिळतें. १८९० च्या सुमारास पवईचा तलाव घाईघाईनें उभारण्यांत आला. तो उथळ होता, त्याचें पाणी पिण्यास योग्य ठरलें नाहीं, आणि १८९२ सालीं दूरच्या तानसा नदीवरील मोठ्या धरणाचें पाणी शहरांत येतांच पवईची गरज जवळजवळ संपली. तेथून पुढें मुंबईची दृष्टि उत्तरेकडेच लागली. वैतरणेवरील धरण १९५७ सालीं पुरें झालें. महापालिकेचे कर्तबगार अभियंते मोडक ह्यांच्या स्मरणार्थ त्याच्या जलाशयास मोडकसागर हें नांव मिळालें. आज शहर सात जलाशयांचें पाणी पितें, आणि त्यांत विहार व तुळशी ह्यांचा वांटा अगदीं अल्प आहे.

येथें इतिहासांतील एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्या तलावांचें पाणी प्यावयाचें, त्यांच्या पाणलोटांत शेती, गुरें व वस्ती असूं नये, हा पाणीपुरवठ्याचा नियम होय. त्या नियमानुसार विहारभोंवतालचे सुमारें एकोणीस व तुळशीभोंवतालचे जवळजवळ सात चौरस किलोमीटर राखून ठेवणें भाग पडलें. हेतु पाणी स्वच्छ ठेवण्याचा. परंतु त्यामुळें जंगलही वांचलें. चहूंकडे गिरण्या, कारखाने व चाळी उठत असतां पाणलोटाच्या आंत साग, ऐन, कळंब आणि करवंदीच्या जाळ्या निर्धास्त वाढत राहिल्या. १९५० सालीं मुंबई सरकारनें राष्ट्रीय उद्यानांविषयीं कायदा केला आणि कान्हेरीच्या परिसरांत ‘कृष्णगिरि’ उद्यान निर्माण झालें. कान्हेरी हें नांव कृष्णगिरीवरूनच आलेलें. हेंच उद्यान पुढें बोरिवलीच्या व त्यानंतर संजय गांधींच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. आज त्याचा विस्तार सुमारें एकशेंचार चौरस किलोमीटर असून कोट्यवधि लोकांच्या शहराला खेटून तेथें बिबळ्या वावरतो आणि तलावांत मगर राहते. शहराच्या तहानेनें अजाणतां केलेलें हें वनरक्षण होय.

ह्या राखणाचें मोल मात्र सर्वांनीं सारखें दिलें नाहीं. तलावांच्या पाण्याखाली गेलेली जमीन कोणाच्या तरी पोटापाण्याची होती. रानांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वारली लोकांच्या पाड्यांना वन हें घरच. त्यांना पाणलोटाच्या व पुढें उद्यानाच्या हद्दी आंखल्या गेल्यावर सरपण, मोह व रानभाजी ह्यांसाठीं परवानगीची भाषा शिकावी लागली. वाघास देव मानून वाघोबाची पूजा करणाऱ्या ह्या लोकांनीं बिबळ्याबरोबर राहण्याची रीत फार पूर्वींच शोधून काढिली होती. शहरच्या मनुष्याला तें शहाणपण अद्यापि नीटसें साधलेलें नाहीं, हें येथें नमूद केलें पाहिजे.

आतां विसाव्याकडे वळावें. पवईचें पाणी पिण्यास नालायक ठरलें, ही गोष्ट हौशी लोकांच्या पथ्यावर पडली. कारण पिण्याच्या तलावास असणारे कडक निर्बंध तेथें राहिले नाहींत. गळानें मासे धरणाऱ्या मंडळींनीं त्याचा ताबा मिळविला, आणि १९३६ पासून त्यांच्या संघाचें ठाणें त्या काठीं आहे. पाखरें पाहणारांचा वर्ग निराळा. १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें निसर्गाभ्यासाचें जें बीज मुंबईंत पेरलें, त्याला सलीम अली ह्यांच्या १९४१ सालच्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथानें पालवी फुटली. बंदुकीऐवजीं दुर्बीण घेऊन पहांटे तळ्याकांठीं जाणें ही करमणूक सुशिक्षित घरांत हळूहळू मान्य झाली. हिंवाळ्यांत ह्या काठांवर हिंडणाऱ्यास पाणकावळा पंख पसरून उन्हांत वाळवीत बसलेला दिसतो, कमळपक्षी पानांवरून पाय न बुडवितां चालतो, आणि खंड्या निळ्या रेघेसारखा पाण्यावरून निघून जातो. ह्या वनांत अडीचशेंच्या आसपास जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. ह्या सुखाला ना तिकिटाची गरज, ना बँडबाजाची. फक्त चालणाऱ्याचे पाय हलके आणि तोंड बंद असावें लागतें.

पण शहर जवळ आलें, तसें हें सुख महाग होऊं लागलें. १९४९ सालीं आरे येथें दुधाची वसाहत झाली. १९५८ सालीं पवईच्या काठीं तंत्रज्ञानाची शिक्षणसंस्था आली. आणि पुढें उंच इमारतींच्या रांगा तळ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या खिडक्यांतून तळें दिसावें म्हणून घरांच्या किंमती चढल्या, परंतु त्याच तळ्यांत सांडपाणी जातें ह्याकडे फार थोड्यांचें लक्ष होतें. घाणीवर जलपर्णी पोसली आणि पाण्याचा मोठा भाग तिच्या हिरव्या गालिच्याखाली झांकला गेला. दूरून पाहणारास तो गालिचा रमणीय भासतो. त्याखालीं प्राणवायूवांचून मासे गुदमरतात.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीचें पाणी तिच्या काठच्या वस्त्यांत घुसलें. ह्या नदीचा आरंभ विहार व पवई ह्यांच्या सांडव्यांत आहे, हें तोंपर्यंत असंख्य मुंबईकरांस ठाऊकही नव्हतें. तळें, नदी आणि खाडी हीं एकाच देहाचीं अंगें आहेत, हा धडा त्या दिवशीं फार जबर किंमतीनें शिकावा लागला.

ह्या प्रश्नाचें सर्वांत बोलकें उदाहरण त्यानंतरचें आहे. पवईच्या काठानें चालणारांसाठीं व सायकल चालविणारांसाठीं मार्ग बांधण्याचें काम महापालिकेनें २०२१ सालीं हातीं घेतलें. वरकरणीं हेतु स्तुत्य. नागरिकांना मोकळी हवा मिळावी हाच. परंतु मार्गासाठीं तळ्याच्या काठीं दगडांचा भराव पडूं लागला. जेथें मगरी उन्हाला पडतात आणि पाखरें चारा टिपतात, तो ओलसर कांठच त्याखालीं जाणार होता. प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि ६ मे २०२२ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें हें बांधकाम बेकायदा ठरवून भराव काढण्याचा व जागा पूर्ववत् करण्याचा आदेश दिला. तळें पाहण्याच्या सोयीसाठीं तळेंच आंखूड करावें, ह्यांतील विसंगति ह्या निकालानें उघड झाली.

विहार आणि तुळशी ह्यांच्या काठीं सर्वसाधारण लोकांस आज मोकळा प्रवेश नाहीं, आणि त्याबद्दल कित्येकांच्या मनांत खंत आहे. ती अगदींच अनाठायीं म्हणतां येणार नाहीं. जें पाहिलें नाहीं, त्यावर लोकांची माया कशी जडावी? उलट पक्षीं, पवई सर्वांस खुली राहिली आणि तिची दशा काय झाली, हेंही डोळ्यांसमोर आहे. तेव्हां कुलूप कीं मुक्तद्वार, असा हा प्रश्न नव्हे. कान्हेरीच्या वाटेनें मार्गदर्शकाबरोबर थोड्या थोड्या लोकांनीं चालावें, शाळेंतील मुलांना पाखरांचीं नांवें तेथेंच शिकवावीं, सांडपाणी तळ्यांत न जाईल अशी शहरानें चोख व्यवस्था करावी, आणि ज्या पाड्यांनीं हें रान जाणलें त्यांतील लोकांस वाटाड्याचा मान व मेहनताना मिळावा, हा मधला मार्ग आहे. तो खर्चाचा कमी आणि धीराचा अधिक आहे.

मुंबईच्या पोटांतील जुनीं तळीं बुजलीं, तीं कोणा शत्रूनें बुजविलीं नाहींत. गरज संपली असें वाटतांच शहरानें स्वतःच तीं बुजविलीं. विहार व तुळशी ह्यांच्या पाण्यावर आज मुंबई जगत नाहीं, हें खरें. परंतु ज्या तळ्याची तहानेपुरती गरज संपली, त्याची विसाव्यापुरती गरज नुकती कोठें सुरू झालेली असते, एवढें ह्या शहरानें ओळखलें, तर धोबी तलावाप्रमाणें पवई हें केवळ एका वस्तीचें नांव होऊन राहणार नाहीं.